मनाचा खोटा हिशेब

कर्ज वाढत गेले की खचलेले मन भलताच हिशेब मांडते: आपण घरावर ओझे आहोत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी ही भावना आत्महत्येच्या विचाराच्या मुळाशी असल्याचे मांडले. हिशेब खोटा असतो. पण खचलेल्याला तो खरा वाटतो.

राज्य सरकारने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत आत्महत्या रोखण्यासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. परभणी त्यात आहे. त्यामुळे या जिल्ह्यातल्या देवगाव फाट्यासारख्या गावांत उदासीची विचारपूस आशा सेविकांच्या कामात आली. थेट विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा. विचारल्यावर माणूस मोकळा होऊ शकतो.

‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो.