कुरळ्या केसांचे न्हाणे

केस सरळ येणार की कुरळा, हे टाळूच्या आतच ठरते. ज्या बारीक पिशवीतून केस उगवतो ती सरळ असेल तर तो सरळ वाढतो, वाकडी असेल तर वळण घेत बाहेर पडतो. आफ्रिकी वंशाच्या लोकांत हे वळण इतके घट्ट असते की एकेक केस स्प्रिंगसारखा गुंडाळलेला दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा आडवा छेद गोल नव्हे, चपटा आणि लंबगोल असतो.

टाळूतून पाझरणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरते. कुरळ्या केसात ते वळणावळणाला अडते. मुळाशी तेलकटपणा आणि टोकाला रखरख, अशी दोन्ही दुखणी त्यामुळे एकाच डोक्यावर नांदतात. शिवाय वळणाची जागा नाजूक असते. ताण पडला की केस तिथेच तुटतो. असे केस वाढतच नाहीत, ही समजूत याच तुटण्यातून आली आहे. केस वाढतो, पण टोकाकडून झिजतो, आणि उरलेली लांबी वळणांत लपते. ओली असताना खांद्यावर टेकणारी बट वाळली की कानापाशी जाऊन बसते.

रोजचे न्हाणे या केसांना सोसत नाही. आफ्रिकी पोताचे केस आठवड्यातून एकदा किंवा पंधरवड्यातून एकदा धुवावेत, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संस्था सांगते. आपल्याकडच्या सैल कुरळ्या केसांना, त्यातही दमट हवेत घाम येत असेल तर, याहून जास्त वेळा धुवावे लागते. शाम्पू मात्र टाळूपुरताच. तो बोटांच्या पेरांनी, नखे न लावता चोळावा. खाली ओघळणारा फेस टोकांना पुरतो. सोडियम लॉरिल सल्फेट असलेले कडक शाम्पू मळाबरोबर उरलेसुरले तेलही धुऊन नेतात. शिकेकाई चांगली, पण तिची भुकटी दाट वळणांत अडकून बसते. उकळून गाळलेले पाणी वापरणे बरे.

न्हाण्याआधी खोबरेल लावण्याच्या जुन्या सवयीला शास्त्राचाही आधार आहे. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना केसातून होणारी प्रथिनांची गळती या तिघांपैकी एकट्या खोबरेलाने ठळकपणे कमी केली. त्यातले लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरते, हे त्याचे कारण. टाळूवर कोंडा असेल तर तेल केसांच्या लांबीलाच लावावे, कारण कोंड्याशी संबंधित बुरशी टाळूवरच्या स्निग्धांशावर पोसते.

सर्वांत मोठे नुकसान होते ते विंचरताना. घाईच्या वेळी लहान मुलीचे कोरडे केस वरून खाली खसाखसा विंचरले जातात. फणीत केसांचे पुंजके येतात आणि दोष केसांना दिला जातो. हे थांबायला हवे. कुरळे केस ओले असताना, कंडिशनरने निसरडे झाले की विंचरावेत. केसांचे चार-सहा भाग करावेत. एक बट मध्यावर मुठीत धरावी, म्हणजे ओढ टाळूपर्यंत जात नाही. मोठ्या दातांचा कंगवा आधी टोकाकडच्या दोन बोटांएवढ्या भागातून फिरवावा, तेवढा गुंता सुटला की थोडा वर न्यावा, असे करत मुळाशी यावे. पुष्कळदा बोटेच कंगव्यापेक्षा चांगले काम करतात, कारण त्यांना गाठ आधी कळते.

धुतल्यावर टॉवेलने घासू नये. जुना सुती टी-शर्ट किंवा पंचा घेऊन खालून वर दाबत पाणी टिपावे. केस ओलसर असतानाच पाण्याचा अंश असलेले क्रीम आणि त्यावर थोडे तेल लावले की ओलावा टिकतो. पश्चिम आफ्रिकेत यासाठी शिया झाडाच्या बियांचे लोणी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे.

बारीक वेण्या घालून केस आठवडा-दोन आठवडे जपता येतात, पण वेणी ओढून घातली आणि कपाळाशी दुखले किंवा पुटकुळ्या आल्या तर ती लगेच सैल करावी. सततच्या ताणाने कपाळाच्या कडेचे केस जातात आणि मुळे कायमची मेली तर परत येत नाहीत. रात्री सुती उशी केस घासते व ओलावा शोषते, म्हणून सॅटिनचा रुमाल बांधून झोपावे. सकाळी बटा चपट्या झालेल्या दिसल्या तर पुन्हा धुण्याची गरज नसते; ओल्या तळव्यांनी त्या हलकेच चुरगळल्या की वळण परत येते.