मोटारसायकलसाठी जीपीएस निवडताना : यंत्र, नकाशा आणि रस्ता



आपल्या जिल्ह्यात चौदा तालुके. बदली झाली, निवडणुकीची ड्युटी लागली किंवा दूरच्या केंद्रावर प्रशिक्षण निघालं, की मोटारसायकल काढायची आणि रस्ता शोधत जायचं. मग प्रश्न पडतो : मोबाईलवर भागवावं की गाडीसाठी वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं? उत्तर शोधण्याआधी हे यंत्र काय सांगतं आणि काय सांगत नाही, ते समजून घेऊ.

जीपीएस कसं चालतं?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सतत वेळेचे संदेश पाठवतात. आपलं यंत्र ते संदेश फक्त ऐकतं. संदेश यायला किती वेळ लागला यावरून उपग्रहाचं अंतर निघतं. किमान चार उपग्रहांचं अंतर मिळालं, की आपली जागा ठरते. भारताची 'नाविक' ही यंत्रणाही याच तत्त्वावर चालते. तिचा पहिला उपग्रह इस्रोने २०१३ साली सोडला.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, जागा कळायला इंटरनेट लागत नाही. रेंज गेली तरी जीपीएस चालू असतं, फक्त नकाशा आधी उतरवून ठेवलेला हवा. दोन, उपग्रह सांगतो फक्त जागा. तिथून पुढचा रस्ता नकाशा सांगतो आणि तो नकाशा माणसांनी बनवलेला असतो.

अकोले तालुक्यातली घटना

जानेवारी २०२१. पुण्याहून कळसूबाईला निघालेली एक कार रात्रीच्या वेळी कोतूळ-अकोले रस्त्यावर पाण्यात गेली. मोबाईलच्या नकाशाने दाखवलेल्या रस्त्यावर पूल होता, पण पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यामुळे तो पाण्याखाली होता. दोघे पोहून बाहेर आले, चालकाचा मृत्यू झाला.

लक्षात घ्या, पावसाळा नव्हता, जानेवारी महिना होता. जागा बरोबर होती, नकाशावर रस्ताही होता. त्या दिवशी तो पूल पाण्याखाली आहे, एवढंच नकाशाला माहीत नव्हतं. महागडं यंत्र असतं तरी तेच झालं असतं.

मोबाईल की वेगळं यंत्र?

रोज शाळेत जाणं-येणं आणि अधूनमधून लांबचा प्रवास, एवढंच असेल तर मोबाईल पुरतो. गुगल मॅप्समध्ये २०१७ पासून भारतात दुचाकीसाठी वेगळा पर्याय आहे. मॅपल्स हे भारतीय ॲपही आहे. मात्र मोबाईलच्या तीन अडचणी आहेत. उन्हात तो तापतो आणि स्क्रीन नीट दिसत नाही. पावसाच्या थेंबांनी स्क्रीन आपोआप दाबली जाते. तिसरी अडचण कंपनांची. मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा ॲपल कंपनीने २०२१ मध्ये स्वतःच दिला होता. त्यामुळे होल्डर कंपनं शोषणारा घ्या.

दर सुट्टीत शेकडो किलोमीटर फिरणाऱ्यांनी गार्मिन झुमोसारख्या खास मोटारसायकलच्या यंत्राचा विचार करावा. मात्र त्याची किंमत एका चांगल्या मोबाईलच्या बरोबरीने जाते.

घेताना काय पाहावं?

१. पाणी : आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. आपल्या पावसाला एवढं पुरे.
२. स्क्रीन : दुकानात पाहू नका, बाहेर उन्हात धरून पाहा. हातमोजे घालून चालते का, तेही बघा.
३. नकाशा : भारताचा नकाशा यंत्रात आहे का? तो फुकट अद्ययावत होतो का? आपल्या शाळेची वस्ती त्यात शोधून पाहा. ती सापडली नाही, तर ते यंत्र आपल्या कामाचं नाही.
४. वीज : गाडीच्या बॅटरीवरून चार्जिंगची सोय हवी आणि ती पावसात झाकलेली हवी.
५. आवाज : हेल्मेटमध्ये सूचना ऐकू आल्या, तर खाली पाहावं लागत नाही.

कायदाही माहीत असू द्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये झालेल्या बदलानुसार गाडी चालवताना मोबाईल फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरता येतो आणि तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. पत्ता टाकायचा असेल तर गाडी बाजूला घ्या.

निघण्यापूर्वी

गावाचं नाव टाकलं की झालं, असं समजू नका. एकट्या आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव माळवी, पिंपळगाव रोठा, पिंपळगाव पिसा आणि पिंपळगाव खांड आहेत, तेही वेगवेगळ्या तालुक्यांत! तालुका आणि पिनकोड तपासा. घरी वायफायवर नकाशा उतरवून ठेवा. वाटेत फरशी पूल किंवा धरणाचं पाणी असेल, तर त्या गावातल्या ओळखीच्या शिक्षकाला एक फोन करा. रात्री यंत्राने 'जवळचा रस्ता' दाखवला, तरी वाहता डांबरी रस्ता सोडू नका. पुलावर पाणी दिसलं तर थांबा आणि मागे फिरा.

वर्गात घेता येईल असा उपक्रम

परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांना घर ते शाळा हा नकाशा काढायला सांगा. त्यात ओढा, फरशी पूल, बांध आणि पावसाळ्यात बंद होणारी वाट वेगळ्या रंगाने दाखवायला लावा. मग मोबाईलवरचा नकाशा शेजारी ठेवा. मोबाईलमध्ये काय नाही, हे मुलं स्वतःच सांगतील. पालकहो, तुम्हीही हा नकाशा पाहा. नव्याने बदलून आलेल्या शिक्षकाला त्याची एक प्रत जरूर द्या, त्याच्या प्रवासात ती उपयोगी पडेल.