सौरवादळांच्या नोंदी: कुलाबा ते लाडबोरी

गोंडपिपरीतून ध्रुवीय प्रकाश दिसेल का, असं विचारलं तर लोक हसतील. पण ४ फेब्रुवारी १८७२च्या रात्री सौरवादळामुळे तो मुंबईत दिसल्याची नोंद आहे, आणि मुंबई काही आपल्या उत्तरेला नाही. किंचित दक्षिणेलाच आहे.

त्याआधीचं १८५९चं वादळ अधिक गाजलं. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग कागदावर उतरवत असताना डागांपाशी पांढरा लखलखाट झाला आणि पाचेक मिनिटांत मावळला. अशा ज्वालेचा उजेड आठ मिनिटांत आपल्यापर्यंत येतो. सूर्याने भिरकावलेला भारित कणांचा ढग मागाहून, एरवी दोन-तीन दिवसांनी. हा साडेसतरा तासांतच धडकला. मुंबईत तेव्हा ऊन वर आलेलं, आकाशात दिसणार काय! कुलाबा वेधशाळेत मात्र चुंबकमापकाचे आकडे डोळ्यांनी वाचून टिपणं चालू होतं. चुंबकीय क्षेत्राची क्षितिजसमांतर तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरली. त्याच नोंदींवरून २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत त्या वादळाचा जोर नव्याने मोजला.

विजेच्या ट्रामचा चुंबकीय नोंदींना उपद्रव नको म्हणून १९०४ साली अलिबागला वेधशाळा सुरू झाली. कुलाबा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी काही काळ दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या आणि मगच कुलाब्याचं काम थांबवलं. त्यांचं मोठेपण मला तिथे दिसतं.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचा संबंध आला तो वेगळ्याच वाटेने. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आभाळातून जळत्या रेघा गेल्या आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत जवळपास तीन मीटर व्यासाची धातूची कडी येऊन पडली. आसपास धातूचे गोळेही सापडले. चिनी रॉकेटचा तो वरचा टप्पा असावा, असं जाणकारांचं म्हणणं. सूर्य खवळला की वरची विरळ हवा तापून फुगते आणि खालच्या कक्षेतल्या वस्तूंना जास्त अडवते. त्याच वर्षी फेब्रुवारीत एका साध्याशा वादळात स्टारलिंकच्या नव्या ४९ उपग्रहांपैकी बहुतेक असेच गेले. लाडबोरीची कडी वादळानेच पडली, असं मात्र कुणी म्हणू नये.

मे २०२४मधल्या सौरवादळात लडाखच्या हानलेत लाल ध्रुवीय प्रकाश कॅमेऱ्यांत आला. एवढ्या दक्षिणेकडून फक्त त्याचा वरचा, लाल भाग दिसतो. हिरवा क्षितिजाखाली राहतो. तेव्हा सूर्याचा अभ्यास करणारं भारताचं आदित्य-एल१ यान आपल्या जागी पोचून चार महिने झाले होते. त्यावरची सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेने घडवलेली. ते यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे, त्यामुळे येणारा ढग त्याला साधारण अर्धा-पाऊण तास आधी गाठतो.