तैयब मेहता : कर्णरेषा आणि कोसळणारी माणसं

तैयब मेहता (1925–2009) यांच्या चित्रांत माणूस बहुतेकदा कोसळत असतो, जखडलेला असतो किंवा आतून फाटलेला असतो. फाळणीच्या दंगलीत मुंबईत त्यांनी डोळ्यांसमोर एका माणसाची हत्या पाहिली. ते दृश्य आयुष्यभर त्यांच्या मागे राहिलं. वांद्र्याच्या कत्तलखान्यातला पाय बांधलेला बैलही असाच त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येतो. 1970 च्या 'कूडल' या लघुपटासाठी त्यांनी तिथे चित्रीकरणही केलं.

जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या मेहतांची लंडनमधली सुरुवातीची चित्रं जाड, खरबरीत रंगांची होती. 1968 मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकी चित्रकार बार्नेट न्यूमनचं काम पाहिल्यावर रंग सपाट झाले. पुढच्याच वर्षी, चित्र जमेना म्हणून वैतागून, त्यांनी कॅनव्हासवर तिरका फटकारा मारला. त्यातून कर्णरेषा सापडली. ती देह दुभंगते. एक हात इकडे, धड तिकडे. खरी ताकद इथेच आहे: चेहऱ्यावर आक्रोश फारसा नसतो, वेदना रचनेतूनच पोहोचते. 'काली' आणि 'महिषासुर' या मालिकांतही हीच रीत दिसते.

मेहता सावकाश काम करत आणि मनास न आलेले कॅनव्हास नष्ट करत. त्यामुळे त्यांची चित्रं संख्येने कमीच आहेत.