कागदावरील आराखडा आणि हातातील चिप

उद्योग आणि विद्यापीठ यांच्यातील सहकार्याचे करार आता वरचेवर होतात. स्वाक्षऱ्या होतात, छायाचित्रे निघतात, उद्योगातील पाहुण्यांची व्याख्याने होतात. या साऱ्यातून विद्यार्थ्याच्या पदरात नेमके काय पडले, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्षणात हा हिशेब चोख जुळल्याचे एक उदाहरण १९७८ सालचे आहे. भारत चिपनिर्मितीकडे वळत असताना ते समजून घेण्याजोगे आहे.

त्या काळी चिपचा आराखडा करण्याची विद्या प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांच्या भिंतींआड होती. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर प्रकाशाच्या साहाय्याने परिपथ उमटवायचा, तर त्यासाठी आधी साच्यांचा संच, म्हणजे मास्क, तयार करावे लागतात. हा खर्च एका विद्यार्थ्यासाठी कोण करणार? त्यामुळे विद्यार्थ्याचा परिपथ बहुधा वहीतच राही.

झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातील लिन कॉनवे आणि कॅलटेकचे प्राध्यापक कार्व्हर मीड यांनी ही कोंडी फोडली. आराखडा करणाऱ्याने पाळावयाचे मोजके, सुटसुटीत नियम त्यांनी तयार केले. त्यामुळे कारखान्याला आपली गुपिते उघड करावी लागत नव्हती आणि विद्यार्थ्यालाही ती ठाऊक असण्याची गरज उरली नाही. १९७८ च्या उत्तरार्धात कॉनवे यांनी एमआयटीत हा विषय शिकवला. डिसेंबरमध्ये विद्यार्थ्यांचे आराखडे संगणकजाळ्यावरून कॅलिफोर्नियाला गेले, ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत चकत्या तयार झाल्या आणि सुमारे सहा आठवड्यांत प्रत्येकाची चिप त्याच्या हाती आली.

खर्चाचा प्रश्न सुटला तो वाटणीने. अनेकांचे छोटे आराखडे एकाच चकतीवर शेजारी शेजारी बसवले, की साच्यांचा खर्च सर्वांत विभागला जातो. पुढल्याच वर्षी, १९७९ मध्ये, निरनिराळ्या विद्यापीठांतील १२४ जणांचे ८२ आराखडे अशा रीतीने अवघ्या २९ दिवसांत चिपरूपात परत आले. त्यांत स्टॅनफर्डच्या जिम क्लार्क यांची त्रिमितीय चित्रांसाठीची चिप होती. तिच्याच पायावर पुढे सिलिकॉन ग्राफिक्स ही कंपनी उभी राहिली. १९८१ मध्ये अमेरिकेत या सामाईक व्यवस्थेला ‘मोसिस’ नावाने कायमचे रूप मिळाले. उद्योगाने यंत्रसामग्री दिली, विद्यापीठांनी विद्यार्थी घडवले आणि घडलेले अभियंते पुन्हा उद्योगालाच लाभले.

भारतातही या दिशेने पावले पडली आहेत. १९९८ मध्ये केंद्र सरकारने चिप-आराखडा क्षेत्रातील मनुष्यबळासाठी विशेष कार्यक्रम हाती घेतला. मुंबईची आयआयटी त्याच्या प्रमुख केंद्रांपैकी एक होती. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ कार्यक्रमाने पाच वर्षांत ८५,००० अभियंते प्रशिक्षित करण्याचे उद्दिष्ट ठेवले. आराखड्यासाठी लागणारी सॉफ्टवेअर इतकी महाग असतात, की सर्वसाधारण महाविद्यालयाला ती परवडत नाहीत. सिनॉप्सिस, केडन्स, सीमेन्स यांसारख्या कंपन्यांची ही साधने आता बंगळुरूच्या सी-डॅकमधील ‘चिपइन’ केंद्रामार्फत सहभागी संस्थांना मिळतात. विद्यार्थ्यांचे आराखडे एकत्र करून ते मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत पाठवले जातात आणि तेथे १८० नॅनोमीटर तंत्रज्ञानाने चिप बनतात. आजच्या अत्याधुनिक चिपच्या तुलनेत हे तंत्र जुने आहे. परंतु शिकण्यासाठी ते पुरेसे आहे.

खरी कसोटी वेळेची आहे. स्वतःचा परिपथ तपासणीच्या टेबलावर ठेवून तो का चालला किंवा का चालला नाही, हे शोधताना विद्यार्थी जे शिकतो, ते संगणकाच्या पडद्यावरील प्रतिकृतीतून पूर्णपणे उमगत नाही. चिप परत येईपर्यंत विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडलेला असेल, तर शिक्षणाचा हा सर्वांत मोलाचा भाग त्याच्या वाट्याला येतच नाही. १९७९ च्या त्या २९ दिवसांचे मोल येथे कळते. आराखडा वर्षभर आधी पूर्ण व्हावा अशी अभ्यासक्रमाची मांडणी आणि ठरलेल्या तारखांना निघणाऱ्या सामाईक चकत्या, या दोन्ही बाजू सांभाळल्या तरच करार सार्थकी लागेल.

शैक्षणिक कर्ज काढून मुलांना या शाखेत पाठवणाऱ्या पालकांनी नोकऱ्यांच्या आकड्यांबरोबरच प्रवेशापूर्वी महाविद्यालयाला आणखी तीन प्रश्न विचारावेत. आराखड्याची साधने पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष वापरायला मिळतात का? गेल्या काही वर्षांत येथील विद्यार्थ्यांचा एखादा आराखडा चिप होऊन परत आला का? आणि आला असेल, तर तो ज्यांनी केला, त्यांनीच तो तपासला का? ज्या संस्थेपाशी या प्रश्नांची उत्तरे आहेत, ती आनंदाने प्रयोगशाळेचे दार उघडून दाखवील.