गृह-कार्यालयाची माहिती सुरक्षा

गृह-कार्यालयाची माहिती सुरक्षा म्हणजे घरून काम करताना संस्थेची माहिती, उपकरणे व इंटरनेट जोडणी यांचे चोरी आणि गैरवापरापासून केलेले संरक्षण होय. कार्यालयात ही जबाबदारी प्रामुख्याने तांत्रिक विभागाकडे असते. घरी तिचा मोठा भाग कर्मचाऱ्यावर येतो. मार्च २०२० मधील कोविड-१९ टाळेबंदीनंतर भारतात या विषयाला विशेष महत्त्व प्राप्त झाले.

== धोके ==
घरातील राउटर किंवा वैयक्तिक संगणकावरील जुने सॉफ्टवेअर हा संस्थेच्या माहितीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग ठरू शकतो. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड व्यवस्थापन कंपनीवर झालेला सायबर हल्ला हे त्याचे उदाहरण आहे. हल्लेखोराने एका अभियंत्याच्या घरच्या संगणकावरील मीडिया सॉफ्टवेअरमधील त्रुटीचा फायदा घेऊन कळफलकाच्या नोंदी टिपणारा प्रोग्राम बसवला. त्यातून मिळालेल्या मुख्य पासवर्डमुळे ग्राहकांच्या माहितीच्या राखीव प्रतींपर्यंत पोहोचणे त्याला शक्य झाले. ती त्रुटी दूर करणारी आवृत्ती २०२० मध्येच उपलब्ध झाली होती.

== उपाययोजना ==
* कामाचा संगणक स्वतंत्र ठेवणे. तो कुटुंबीयांना वापरण्यास न देणे.
* सर्व सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करणे.
* राउटरचा मूळ पासवर्ड बदलणे आणि वाय-फायसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ सुरक्षा वापरणे.
* द्विस्तरीय प्रमाणीकरण वापरणे व ओटीपी कोणालाही न सांगणे.
* जागेवरून उठताना संगणकाचा पडदा कुलूपबंद करणे.

== तक्रार ==
संशयास्पद प्रकार आढळल्यास संस्थेला तत्काळ कळवणे आवश्यक असते. आर्थिक सायबर फसवणुकीची तक्रार भारतात १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर नोंदवता येते.