चोरून आणलेला ड्रॅक्युला

पिशाच्चाला उन्हाची तिरीप लागली की ते संपतं, हे भयपट पाहणाऱ्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला मात्र दिवसाढवळ्या लंडनमध्ये हिंडतो, आणि मरतो तो कुकरी आणि सुऱ्याच्या घावांनी. उन्हातलं मरण त्याला दिलं १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटानं. आणि हा मूकपट चक्क चोरीचा होता.

निर्माती कंपनी प्राना-फिल्म. (हा ‘प्राना’ आपलाच संस्कृत प्राण, संस्थापकांपैकी आल्बिन ग्राऊला गूढविद्येचा नाद होता.) ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लोक झाला, लंडनच्या जागी विस्बोर्ग हे काल्पनिक जर्मन बंदर आलं. श्रेयनामावलीत स्टोकरचं नाव होतं. हक्कांचे पैसे तेवढे दिले नव्हते. स्टोकरच्या पत्नी फ्लोरेन्स कोर्टात गेल्या. कंपनीचं दिवाळं निघालेलं, वसूल काय करणार? १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला. काही प्रती तरीही वाचल्या.

या मूकपटानं केलेले बदलच पुढे परंपरा झाले. दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊनं रंगवलेले पडदे सोडून विस्मार, ल्यूबेकच्या गल्ल्यांत आणि स्लोव्हाकियातल्या ओरावा किल्ल्यात कॅमेरा नेला. माक्स श्रेकचा ऑर्लोक देखणा सरदार नव्हे. टकला, टोकदार कानांचा, उंदरासारख्या दातांचा. त्याच्यासोबत जहाजातून उंदीर आणि प्लेग येतो. महायुद्ध आणि इन्फ्लुएंझाची साथ सोसलेल्या प्रेक्षकांना ही भीती समजावून सांगावी लागली नसेल. रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करून फिल्म निळी रंगवली होती. पुढे कृष्णधवल प्रती फिरल्या, त्यांत तो निळा रंग गेला. मग उन्हानं मरणारा ऑर्लोक लख्ख उन्हात शवपेटी काखोटीला मारून चालताना दिसू लागला!

वेर्नर हेर्झोगनं १९७९ मध्ये हीच कथा घेतली. तोवर कादंबरीचे हक्क संपले होते, त्यामुळे ड्रॅक्युलाला नाव परत मिळालं. रूप मात्र श्रेकचंच राहिलं. हेर्झोगच्या पिढीला नाझी काळातल्या बापांशी नातं सांगायचं नव्हतं, म्हणून तो थेट आजोबांच्या पिढीतल्या मुर्नाऊकडे गेला. क्लाउस किन्स्कीचं पिशाच्च थकलेलं आहे, मरण येत नाही म्हणून कण्हणारं. नेदरलँड्समध्ये हेर्झोगनं हजारो पांढरे उंदीर करडे रंगवून सोडले. प्लेगनं ग्रासलेल्या गावाच्या चौकात उंदरांच्या गराड्यात माणसं टेबल मांडून शेवटची मेजवानी झोडतात. माझ्या मते हा प्रसंग मूळ चित्रपटाच्याही पुढे जातो. शेवटही हेर्झोगनं फिरवला: ड्रॅक्युला मरतो, पण नायक हार्करच पिशाच्च होऊन घोड्यावरून निघून जातो.

रॉबर्ट एगर्सचा २०२४ चा ‘नोस्फेराटू’ ऑर्लोकला मिशा आणि जाड फरकोट देतो, म्हणजे कुजत चाललेला खराखुरा ट्रान्सिल्व्हानियन उमराव. छायाचित्रण अप्रतिम, पण सगळं इतकं घोटीव की धक्का बसायला फट उरत नाही. जमली आहे ती लिली-रोझ डेपची नायिका एलन. मुर्नाऊकडे ती बळी होती, इथे पिशाच्चाला बोलावणारी तीच. पिशाच्चांच्या जाणकार प्राध्यापकाच्या भूमिकेत विलेम डॅफो आहे. ‘शॅडो ऑफ द व्हँपायर’ या २००० च्या चित्रपटात मुर्नाऊनं खरंखुरं पिशाच्चच नट म्हणून आणलं होतं, अशी कल्पना होती, आणि तो श्रेक डॅफोनंच केला होता. ऑर्लोकची नस त्याला ठाऊक नसेल तर कुणाला?